दुपारचे आकडे

पेन अडलं नसतं तर त्याला जन्मभर काही कळलं नसतं. रोज सकाळी साडेसहाला दोघं नवरा-बायको जेवणाच्या टेबलाशी बसत. टेबलावर चौघडी घातलेला निळा टॉवेल, त्यावर दंड, दंडाला पट्टा. आधी त्याचा रक्तदाब मोजायचा, मग तिचा. वही त्याच्याकडे, पेन त्याच्याकडे, आणि सूचनाही त्याच्याकडेच: पाय जमिनीला टेकव, बोलू नकोस, खांदा सैल सोड, अगं सैल म्हणजे सैल. सव्वा वर्षात एक दिवस चुकला नव्हता. त्या दिवशी तिचा वरचा आकडा लिहिला, एकशे अठ्ठेचाळीस, आणि खालचा लिहिताना पेन कोरडं पडलं. तो दुसरं पेन शोधायला खणाकडे गेला, तेवढ्यात यंत्राचा पडदा विझला, ती पट्टा सोडून चहा टाकायला आत गेली, आणि आकड्यांत कधी न चुकणारा हा गृहस्थ खालचा आकडा विसरला. यंत्राला जुने आकडे आठवतात हे त्याला माहीत होतं. वही असताना कधी बघायची गरज पडली नव्हती. त्यानं बटण दाबलं. एकशे अठ्ठेचाळीस, ब्याण्णव. हा तिचा. पुन्हा दाबलं. एकशे छत्तीस, शहाऐंशी. हा त्याचा. तिसऱ्यांदा उगाचच दाबलं, बोट बटणावर होतं म्हणून. एकशे अठरा, चौऱ्याहत्तर, नाडी साठ. काल, दुपारी तीन वाजून वीस मिनिटं.

असला आकडा या घरात कुणाचाच नव्हता. काल दुपारी तीन वाजून वीस मिनिटांनी तो कारखान्यात तिसऱ्या बॉयलरच्या पोटात डोकं घालून उभा होता. तो बटण दाबत मागे गेला. मंगळवारी सव्वातीन, एकशे सोळा. त्याच्या आधीच्या शुक्रवारी पुन्हा तीन वीस, एकशे एकोणीस. पंधरा दिवसांत पाच वेळा, सगळे कामाचे वार, सगळी दुपार, सगळे आकडे एकाच माणसाचे असावेत इतके सारखे. आतून कपबशांचा आवाज येत होता. "काय झालं हो? इतकं काय शोधताय?" बायकोनं विचारलं. "पेन," तो म्हणाला. पेन त्याच्या हातात होतं.

पट्टा बांधायचा म्हणजे काय काय करावं लागतं हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? बाही वर सारायची. कोपराच्या वर दोन बोटं जागा सोडायची. पट्टा नीट बसलाय का ते पाहायला एक बोट आत सारून बघायचं, म्हणजे बोट त्या दंडाच्या कातडीला लागतंच. मग पाच मिनिटं काही न बोलता समोरासमोर बसायचं. एरवी नवरा-बायकोतसुद्धा पाच मिनिटं न बोलता बसणं होत नाही, आणि इथं एक परका माणूस त्याच्या खुर्चीत, त्याच्या निळ्या टॉवेलवर हात ठेवून बसत होता, आणि त्याची नाडी साठ होती. साठ! दुसऱ्याच्या घरात, दुसऱ्याच्या बायकोसमोर बसून ज्याचं काळीज मिनिटाला साठच ठोके देतं, तो किती सरावलेला असेल. याच एका आकड्यानं त्याच्या अंगाचा तिळपापड झाला. टेबलाखाली वेगळ्या वासाचा एखादा रुमाल सापडला असता, अनोळखी काडेपेटी सापडली असती, तर तो एवढा हलला नसता; त्या वस्तू खोटं बोलू शकतात. आकडा खोटं बोलत नाही, यावर त्यानं एकतीस वर्षं पगार घेतला होता.

मत्सर त्याला नवा नव्हता. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी ती नकाशे काढणाऱ्या एका कचेरीत नोकरीला होती, आणि कचेरीतली सगळी मंडळी एका रविवारी तळ्यावर नाव वल्हवायला गेली होती. संध्याकाळी ती घरी आली तेव्हा तिचे दंड उन्हानं लाल झाले होते आणि ती आली ती हसतच. कुणीतरी वल्हं पाण्यात पाडलं, मग ते काढायला दुसरा वाकला, मग तोही पडला, असं काहीबाही सांगत होती. "दुसरा कोण?" त्यानं विचारलं. तिनं नाव सांगितलं. तो नऊ दिवस बोलला नाही. तो ओरडला नाही, त्यानं भांडी आपटली नाहीत. तो नुसता समोर बसून बघत राहायचा, एखाद्या नळाच्या वेल्डिंगची शिवण तडा शोधत बघावी तसा. दहाव्या दिवशी तिनं त्याच्यापुढे जेवणाचं ताट ठेवलं आणि म्हणाली, "नाही जाणार पुन्हा." वर्षभरानं नोकरीही गेली, म्हणजे तिनं सोडली, म्हणजे काय ते दोघांना माहीत होतं. त्यानंतर ती सगळं सांगायची, पण वल्हं पडण्यापर्यंतच. कोण वाकलं ते वगळून. यालाच तो इतकी वर्षं सुखाचा संसार म्हणत आला होता.

कागदाच्या कारखान्यात बॉयलर आणि वाफेचे नळ तपासणं हे त्याचं काम. कुठल्या नळाची भिंत किती झिजली, किती दाब सोसेल, किती दिवस सोसेल, हे तो सांगायचा, आणि त्याच्या सहीवाचून चाक फिरत नसे. त्या दिवशी तो कामावर गेला खरा, पण हातोडीनं नळावर टिचकी मारताना त्याला आवाज ऐकूच येत नव्हता. "साहेब, आज तब्येत बरी नाही वाटतं?" बॉयलरवरचा म्हातारा कामगार म्हणाला. त्याला सगळे धूरकाका म्हणत. "काही नाही. काटा इतका खाली कसा?" "तुम्ही आलात ना. तुम्ही आलात की मी आधीच कमी करून ठेवतो. आणि तो दोन नंबरचा, तो उलटा. तुम्हाला बघून चढतोच मेला. तुम्ही गेलात की येतो वळणावर." धूरकाका पंचवीस वर्षं हाच विनोद करत होता. तो पंचवीस वर्षं हसत आला होता, त्या दिवशी हसला नाही.

एक साधं गणित त्याला झोपेतही येत असे. दाब गुणिले त्रिज्या भागिले भिंतीची जाडी. भिंतीवर किती ताण येतो ते एवढ्यात कळतं. दाब दुप्पट केला की ताण दुप्पट. भिंत निम्मी झिजली तरी ताण दुप्पट. सव्वा वर्षापूर्वी कारखान्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी त्याला बीपी असल्याचं सांगितलं तेव्हा तो घाबरण्याऐवजी कागद मागून हेच गणित करायला बसला होता. डॉक्टर हसून म्हणाले होते, "गणित तेच आहे हो, पण तुमचा नळ मेलेला असतो. धमनीची भिंत जिवंत असते. दाब वाढला की ती हळूहळू जाड होते, म्हणजे तिच्यावरचा ताण पुन्हा पूर्वीइतका व्हावा." "मग चांगलंच की," तो म्हणाला होता. "चांगलं कसलं? जाड झाली की ताठर होते. मग ठोक्यासरशी फुगणं नाही, सैल होणं नाही. सोसते, पण ढिम्म." तेव्हा घरी येऊन त्यानं बायकोलाही एका डॉक्टरीणबाईंकडे तपासायला नेलं होतं, जोडीला असावं म्हणून, आणि तिचा आकडा त्याच्याहून जास्त निघाला होता. का कोण जाणे, त्याला त्यात एक बारीकसा आनंद झाला होता. आता बॉयलरच्या उबेत उभं राहून त्यानं हिशेब केला: मिनिटाला सत्तर ठोके, दिवसाला एक लाख, लग्नाला सव्वीस वर्षं. साडेपंच्याण्णव कोटी ठोके. पोलाद असतं तर केव्हाच चीर गेली असती. आणि त्या साठ नाडीवाल्याला मात्र ती आपल्या घरात बसवून विसावा देत होती.

संशयाला घर लागतं, आणि त्याला ते वरच्याच मजल्यावर सापडलं. तिथे पोहण्याचे एक निवृत्त मास्तर एकटे राहत. वय साठीच्या पुढे, पण पाठ अशी की जिन्यानं वर जाताना मागून बघणाऱ्याला स्वतःच्या पोटाची लाज वाटावी. रोज दुपारी दोनला तलावावर जायचे, तीनला परत यायचे, खांद्यावर ओला टॉवेल. साठ नाडी दुसऱ्या कुणाची असणार? शिवाय मागच्या महिन्यात बायकोनं सहज म्हटलं होतं, "मास्तरांनी जिन्यात हात दिला, नाहीतर पडलेच असते. जरा गरगरल्यासारखं झालं." तेव्हा त्यानं गोळी वेळेवर घेतेस ना, एवढंच विचारलं होतं. आता तो हात त्याला दिसू लागला. किती वेळ दिला? कुठे धरलं? हल्ली दुपारनंतर ती ओट्याला धरून उभी असायची, डोळे मिटून, आणि हाक मारली की दचकायची. बाईमाणूस डोळे मिटून कुणाला आठवतं?

दुसरा कुणी असता तर भांडला असता, नाहीतर गप्प बसला असता. याच्यासारख्या माणसाला तिसराच मार्ग सुचला. रविवारी सकाळी मास्तर जिन्यात भेटले, आणि हा म्हणाला, "या ना आत, मास्तर. बीपी मोजू तुमचं." मास्तर गोंधळले. "माझं? मी कधी मोजलेलंच नाही हो." कधी मोजलेलंच नाही! चोराच्या मनात चांदणं, असं मनात म्हणत त्यानं त्यांना जवळजवळ ओढतच आत आणलं, खुर्चीत बसवलं, स्वतःच्या हातानं बाही वर सारली. दंड होता मोठा, लाकडासारखा. बायको स्वयंपाकघराच्या दारात आली. "अहो, त्यांना कशाला?" ती म्हणाली. "का? त्यांना नको का?" तो म्हणाला, आणि तिच्या चेहऱ्याकडे, मग मास्तरांच्या, मग पुन्हा तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिला. यंत्र घूं करून फुगलं, थांबलं, सुस्कारा टाकत सुटलं. एकशे बावन्न, शहाण्णव. नाडी ब्याऐंशी.

मास्तर पांढरेफटक पडले. चाळीस वर्षं लोकांना श्वास रोखायला शिकवलेल्या त्या माणसाला एकदम आपलं काळीज ऐकू यायला लागलं असावं. "म्हणजे? म्हणजे मला आता?" असं म्हणत ते उठले, बसले, परत उठले. हात दाखवून अवलक्षण, ते हेच. बायको पाणी घेऊन आली. "काही नाही हो मास्तर, घाबरलात म्हणून वाढलं. परत कधीतरी निवांत असताना घ्या," ती म्हणाली. तिनं नवऱ्याकडे पाहिलं नाही. तो मात्र आतून इतका हलका झाला होता की त्यानं मास्तरांना दारापर्यंत पोचवलं आणि त्यांच्या पाठीवर थापही मारली. दुपारचा माणूस मास्तर नव्हते. आकड्यानं मास्तरांना सोडवलं होतं. तो दिवसभर बायकोशी गोड बोलला, तिनं न मागता भाजी चिरून दिली. मंगळवारी सकाळी बटण दाबलं, आणि सोमवारची दुपार तिथे बसलेली होती: एकशे सतरा, नाडी एकसष्ट.

कारखान्यातल्या डॉक्टरांना त्यानं आडून विचारलं, आमच्या शेजाऱ्यांचं एकदम एकशे बावन्न कसं निघालं हो? पोहणारा माणूस. "कुणी मोजलं?" "मी." डॉक्टर इतके हसले की त्यांचा चष्मा घसरला. "तुम्ही समोर बसून? असे डोळे लावून? अहो, मग ते त्यांचं नाही, तुमचं बीपी! माझ्यासमोर निम्म्या लोकांचं चढतं. घरी जाऊन एकट्यानं मोजा म्हणतो मी त्यांना. माणूस कुणासमोर बसलाय, त्यावर असतं ते." अर्ध्या मिनिटाच्या आत एवढं खरं कुणी त्याला कधी सांगितलं नसेल. पण मत्सरी माणसाच्या कानाला चाळणी असते, त्याला हवं तेवढंच आत पडतं. तो दवाखान्याच्या पायऱ्या उतरला तो एकच गोष्ट घेऊन: म्हणजे मास्तर सुटले नाहीत. आपल्यासमोर भीतीनं एकशे बावन्न. आणि दुपारी, तिच्यासमोर, निवांत, एकशे सतरा. ती म्हणालीच होती, निवांत असताना घ्या. त्याच्या कानात ठोके वाजू लागले. आपल्या मानेतली धमनी कॉलरला आतून ढकलते आहे असं त्याला वाटलं, आणि दाब गुणिले त्रिज्या भागिले जाडी हे शब्द पावलागणिक डोक्यात आपटत राहिले. एकतीस वर्षांत पहिल्यांदा त्यानं तपासणीच्या कागदावर सही न करता तो तसाच ठेवला आणि अडीच वाजता फाटकाबाहेर पडला.

रस्त्यावर दुपार होती. इतक्या वर्षांत त्यानं आपल्या गल्लीतली कामाच्या दिवसाची दुपार पाहिलीच नव्हती. दुकानदार खुर्चीत पेंगत होता, एका खिडकीत गादी वाळत होती, कुणाचा तरी रेडिओ अगदी हळू लावलेला होता. आपण नसताना हे सगळं रोज असंच चालतं, आणि चांगलं चालतं, हे बघून त्याला गल्लीचासुद्धा राग आला. तीन वाजून अठरा मिनिटांनी तो जिना चढला. किल्ली त्यानं अशी फिरवली की कुलपालाही कळू नये. दार ढकललं आणि उभा राहिला.

खोलीत कुणी नव्हतं. ती होती. तीच तिच्या खुर्चीत बसली होती, पाय जमिनीला टेकलेले, हात निळ्या टॉवेलवर, खांदे सैल. तो सव्वा वर्ष रोज सकाळी सांगत होता ते खांदे इतके सैल होऊ शकतात हे त्याला माहीत नव्हतं. डोळे मिटलेले. समोरची त्याची खुर्ची तिनं टेबलाखाली नीट सारून ठेवली होती. पट्टा तिच्याच दंडाला होता, आणि यंत्र सुस्कारा टाकत सुटत होतं. ती काहीतरी गुणगुणत होती. गाणं नव्हतं ते, नुसताच आवाज, आणि तो आवाज त्यानं पूर्वी कुठे ऐकला होता ते आठवायला त्याला वेळ लागला. उन्हानं दंड लाल होऊन ती घरी आली होती, त्या संध्याकाळी, जिन्यात.

मग तिनं डोळे उघडले. "लवकर आलात?"

"कोण आलं होतं?"

राग नव्हता तिच्या चेहऱ्यावर. रागावली असती तर त्याला बरं वाटलं असतं. "कोणी नाही," ती म्हणाली.

"मग पडद्यावरचा हा एकशे सोळा कुणाचा?"

"माझा."

"तुझा इतका कमी नसतो."

"दुपारी असतो," ती म्हणाली.

मग तिनं सांगितलं, भाजीचा भाव सांगावा इतक्या साध्या आवाजात. तिच्या डॉक्टरीणबाईंनी त्याच्या वहीतले आकडे बघून दोनदा गोळी वाढवली होती. त्यानंतर तिला गरगरायला लागलं. एकदा जिन्यात, एकदा न्हाणीघराच्या दारात, तिथे तर ती खाली बसलीच होती, किती वेळ ते तिला सांगता येत नव्हतं. तेव्हा बाईंनी विचारलं, हे आकडे तुम्ही कसे घेता? कोण असतं समोर? आणि म्हणाल्या, काही दिवस दुपारी, एकट्या असताना घ्या, आणि मला दाखवा. तिनं टॉवेलच्या घडीतून एक चिठ्ठी काढली. त्यावर तारखा आणि आकडे होते, त्याच्याच पद्धतीनं रेघ मारून. "उद्यापासून गोळी अर्धी करायला सांगितलीय. सकाळच्या आकड्याला ती बरोबर होती. बाकीच्या दिवसाला जास्त व्हायची."

"मला सांगितलं का नाहीस?"

"काय सांगू?" ती म्हणाली. "तुम्ही समोर नसलात की मी बरी असते, हे?" आणि लगेच, बोललेलं झाकायला, "तुम्हाला लागलं असतं."

त्याला लागलंच. पण सुंभ जळला तरी पीळ जळत नाही. त्यानं टेबलाखालची आपली खुर्ची बाहेर ओढली, तिच्यासमोर बसला, कोपरं टेबलावर टेकली. "परत घे," तो म्हणाला. "आत्ता. माझ्यासमोर." "राहू द्या हो." "घे म्हणतो ना." तिनं बटण दाबलं. पट्टा फुगू लागला, आणि तो बघत राहिला. पडद्याकडे नाही, तिच्याकडे. आधी खांदे वर आले, अगदी थोडेसे. मग मानेतली एक शीर दिसू लागली. ओठ मिटले गेले. सव्वीस वर्षं तो हाच चेहरा बघत आला होता आणि यालाच तिचा चेहरा समजत होता. एकशे सत्तेचाळीस, एक्याण्णव.

आकडा दोघांनी वाचला. "आत्ताच चहा घेतला ना मी," ती घाईनं म्हणाली. "चहानं चढतं." ओट्यावर कप पालथा होता, सकाळपासून कोरडा.

त्यानं त्या कोरड्या कपाकडे पाहिलं. म्हणजे अजूनही ती त्यालाच सांभाळत होती, नळाच्या भिंतीनं सांभाळावं तसं, ढिम्म, आवाज न करता. आणि तरीही, अगदी या क्षणीही, पोटातली ती जुनी आग विझली नव्हती. त्या आगीला फक्त नवा माणूस सापडला होता. इतक्या दुपारी या खोलीत एक बाई येऊन गेली होती, सैल खांद्यांची, गुणगुणणारी, जिचं काळीज साठ ठोके देत होतं. ती त्याची बायको होती आणि तिला तो कधी भेटला नव्हता. तो दारात उभा राहिला की ती निघून जायची. मास्तर असते तर त्यांच्याशी भांडता आलं असतं.

तो उठला. यंत्र तिच्याकडे सरकवलं, वही आणि पेनही सरकवलं. "पाच मिनिटं शांत बस," तो म्हणाला, आणि हेही सूचनेसारखंच झालं हे त्याला कळलं. "मग घे. तूच लिही." तो बाहेर गेला, दार ओढून घेतलं, आणि जिन्याच्या पायरीवर बसला. घड्याळ बघायचं नाही असं त्यानं ठरवलं आणि बघितलं. तीन वाजून एकतीस मिनिटं.

खालून मास्तर येत होते, आज जरा उशिरा, खांद्यावर ओला टॉवेल, रविवारपासून जरा जपून पायऱ्या चढत. त्याला बघून ते दोन पायऱ्या खालीच थबकले आणि त्यांचा हात आपोआप दंडाकडे गेला. "बाहेर का बसलात?"

"घरात तपासणी चालू आहे," तो म्हणाला.

"मग तुम्ही आत नको का?"

"नको," तो म्हणाला. दाराआडून यंत्राची घूं ऐकू आली, मग सुस्कारा, मग बराच वेळ काही नाही. आकडा काय आला ते तिनं ओरडून सांगितलं नाही. त्यानं विचारलं नाही. थोड्या वेळानं आतून तो गुणगुणण्याचा आवाज पुन्हा सुरू झाला, आणि तो ऐकू यावा म्हणून मास्तरांना गप्प बसायची खूण करून त्यानं भिंतीला डोकं टेकलं.